सटवाजीची कातडी

सटवाजीकडून मेंढीचं कातडं मिळवणं म्हणजे सोयरीक जमवण्याइतकं किचकट काम होतं. नांदूरघाटच्या बाजारातले एक शेठजी दुकानाच्या गादीवर अंथरायला लोकरीसकट कातडं हवं म्हणून एकदा मुद्दाम आमच्या गावी आले. सटवाजीनं त्यांना आधी पाणी दिलं. मग कूळ विचारलं. मग झोप कशी लागते ते विचारलं. मग आत जाऊन एक पांढरंशुभ्र कातडं आणलं आणि तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन बसला.

“ही गंगी,” तो म्हणाला. “लई सोशिक. पन डाव्या अंगाला वजन चालत न्हवतं तिला. तुमी उजवीकडं कलून बसत जा.”

शेठजी हसले. सटवाजी हसला नाही.

“आन् हिच्यावर बसून कोनाला शिव्या देऊ नका. दचकायची ती. हां, बसा आता. तसं न्हवं! तिला इचारून बसा.”

एवढा भारदस्त माणूस, पण धोतर सावरीत कातड्यापुढं वाकला आणि खरोखर पुटपुटला, “बसू का?”

“काय म्हनली?” सटवाजीनं विचारलं.

शेठजींनी कातड्याकडं पाहिलं, मग सटवाजीकडं.

“न्हाई कळलं ना? मंग आजून वळख व्हायची हाय. पुढल्या बाजारी या.” आणि गंगीला घडी घालून तो आत निघून गेला. शेठजी मात्र पुढच्या बाजारी पुन्हा आले आणि गंगीला घेऊन गेले. त्याच्या कातड्यासारखं कातडं आसपास कुठं मिळत नव्हतं.

मी कासारीण. आमच्या आणि सटवाजीच्या घरामध्ये नुसतं बोराटीचं कुंपण होतं. त्यामुळं हे सगळं मी बांगड्यांची चळत लावता लावता बघत असे. गावच्या वर डोंगराच्या उताराला त्याचं थोडंसं पडीक रान होतं. त्यात पेरायचा काही नाही, नुसतं गवत राखायचा. तेवढ्या गवतावर मूठभर मेंढ्या. त्यांना तो परक्या रानात कधी नेत नसे. मेंढी म्हातारी होऊन गेली, आजारानं गेली, लांडग्यानं धरली, कशीही गेली तरी तिचं कातडं तो स्वतः काढी, मीठ चोळी, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवी, सावलीत खुंट्या ठोकून ताणी आणि हातांनी चोळून चोळून मऊ करी. धनगर असून कातडी कमावतो म्हणून त्याच्या भावकीनं त्याला पंगतीतून उठवलं होतं. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, “जितेपनी माझ्या हातानं खाल्लं, मंग मेल्यावर परक्याच्या हातात कावून देऊ?”

आणि हा माणूस भित्रा तरी किती असावा! वीज कडाडली की मेंढ्यांच्या आधी हाच गोठ्यात शिरे. पालीला भ्यायचा, आडात डोकवायला भ्यायचा, नव्या चपलेच्या आवाजालाही भ्यायचा. सगळ्यात जास्त भ्यायचा तो सरकारी माणसाला. राज्य निजामाचं. गावात कधी साधा जवान आला तरी सटवाजी कणगीत बसून राही आणि मला कुंपणातून हळूच विचारी, “गेला का गं?” त्याच्या दांडगट एडक्याचं नाव त्यानं अमीनसाहेब ठेवलं होतं, कारण तो एडका न विचारता धडक देई. संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज येई, “अमीनसाहेब, गपगुमान चला. अमीनसाहेब, तिथं मुतू नका.” पण खरा अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, दौऱ्यावर आला की त्याच एडक्याला तो दिवसभर नुसतं “बाळ, बाळ” म्हणे.

मी सांगते आहे ती गोष्ट मानमोडीच्या तापानंतर दोन-तीन वर्षांतली. त्या तापानं घराघरातून माणूस नेलेलं होतं. गावात हसणं परतलं होतं, पण ते वरवरचं. कुत्रं जरा वेगळं रडलं तरी बाया लेकरांना पोटाशी घेत. माणसांच्या आत भीती बसलेली होती, तिला फक्त निमित्त हवं होतं.

निमित्त झालं पाटलांच्या गोदाचं. गोदा पाटलांची सून. गेवराईकडची, गंगथडीची. काळ्याभोर सपाट रानातली ती पोर आमच्या खडकाळ डोंगरात येऊन पडली होती. नवरा औरंगाबादेला कचेरीत कारकून. घरात सासरा, गावचा पोलीस पाटील, आणि सासू. पाटलीणबाईंचा आवाज असा, की मी दारात टोपली उतरवायच्या आधीच माझ्या बांगड्या किणकिणत.

गोदाला दिवस गेले तेव्हा पाटलीणबाईंनी बाळंतिणीला अंथरायला सटवाजीकडून कातडं मागवलं. पाटलांच्या घरून मागणं आलं म्हणून तो थरथरला, पण तरी त्यानं आपली चौकशी सोडली नाही. कातडं पोचवायला तो स्वतः गेला. मी तेव्हा तिथंच होते.

“ही चंद्री,” त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. “दुसऱ्या मेंढ्यांची पिल्लंबी हिनं पाजली. बाळाला हिच्याच उबंला निजवा.”

“जा बाबा आता,” पाटलीणबाई म्हणाल्या. “मेलेल्या मेंढीचं कौतुक सांगतोय.”

गोदा मात्र दाराआडून ऐकत होती. तिनं कातडं हातात घेतलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ओठातल्या ओठात काहीतरी विचारलं. मला हसू आलं होतं.

मुलगा झाला. बारसं व्हायच्या आधीच गेला.

गोदा रडली नाही. चंद्रीच्या कातड्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बोलणं बंद झालं. तिचा नवरा येऊन गेला, दोन दिवस अंगणात बसला आणि सुट्टी संपली म्हणून परत गेला.

त्यानंतरची ती दुपार. ऊन पांढरं झालेलं, वारा पडलेला. पाटलीणबाईंनी मला नव्या बांगड्या भरायला बोलावलं होतं. त्यांचा हात माझ्या हातात होता. अर्धी बांगडी अंगठ्यावरून उतरायची होती, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

“ब्यॅंऽऽ”

पाटलीणबाई म्हणाल्या, “धनगराची मेंढी शिरली वाटतं परसात.”

मी कान दिला. आवाज परसातून नव्हता. तो भिंतीच्या अलीकडचा होता. पुन्हा आला. बारीक, लांबलेला, शेवटाला तुटणारा.  पाटलीणबाईंच्या हाताला एकाएकी घाम फुटला आणि अडकलेली बांगडी आपोआप सरकली.

आम्ही दोघी दाराशी गेलो. परसदाराला आतून कुलूप होतं. त्या दाराला कपाळ टेकून गोदा उभी होती. पाठ आमच्याकडं. खांद्यावर ते कातडं. आणि तिच्या तोंडातून मेंढीचा आवाज निघत होता. हुबेहूब. माणसाची नक्कल वाटावी असा नाही, मेंढीचाच. मग ती थांबली. आणि भिंतीपलीकडून तसाच आवाज तिला उत्तर म्हणून आला.

पाटलीणबाई किंचाळल्या. मी टोपली तिथंच टाकून घरी पळाले. वाटेत कुठंही मागं वळून पाहिलं नाही.

दिवस मावळायच्या आत गावभर एकच शब्द फिरला: भानामती. तो शब्द आमच्याकडं कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. बाया तो सांगताना आधी पदर तोंडावर घेत. सटवाजीनं कातड्यात बसवून दिली, असं सगळ्यांचं ठरलं. तो कातड्यांशी बोलतो हे काल परवापर्यंत हसण्यावारी होतं. आता ज्याला त्याला आठवायला लागलं. “मला म्हनला, तिला इचारून बस. म्हंजे आत कोनतरी हायच की!” “माझ्या सासऱ्याला त्याच्याच कातड्यावर निजल्यावर ताप आलता.” मानमोडीत अर्ध्या गावाला ताप आला होता, पण ते कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून लोक कातडी परत करायला लागले. हातानं कोण धरणार? कुणी चिमट्यात धरून आणलं, कुणी काठीच्या टोकाला अडकवून. एकानं तर गाढवावर घालून पाठवलं आणि गाढवालाही नंतर ओढ्यात धुतलं. सटवाजीच्या दारापुढं कातड्यांचा ढीग झाला. तो आत दार लावून बसलेला. माणसं गेली की हळूच बाहेर यायचा, एकेक कातडं झटकायचा आणि म्हणायचा, “आलीस? चल घरात.” हे कुंपणातून ऐकताना मला घाम फुटायचा. मीही माणूसच. शेजारपण वेगळं आणि भानामती वेगळी.

आमच्या घरातही एक कातडं होतं. ते परत करायचं म्हणून मी चिमटा घेऊन उभी, तर आमचे हे त्यावरच आडवे. त्यांना कंबरेचा त्रास.

“उठा की हो! त्यात काहीतरी असंल.”

“असू दे,” ते कूस न बदलता म्हणाले. “जे काय असंल ते माझी कंबर शेकतंय. तुझ्या चिमट्यानं शेकनार हाय का?”

कातडं राहिलं. पण मी त्या दिवसांत चुलीपाशी झोपू लागले.

गोदाचं ओरडणं रोज दुपारी ठरलेल्या वेळी सुरू होई. तेवढा वेळ गाव श्वास रोखून बसे. जाती थांबत. आडावर एकटी बाई जात नसे. तेवढ्यात पाटलांच्या गड्यानं आणखी एक बातमी आणली. त्यानं परसामागच्या सटवाजीच्या मेंढवाड्यात दोन कातड्यांचं पिल्लू पाहिलं होतं. अंगावर एक कातडं आणि त्याच्यावर दुसरं, पाय मात्र चारच. तो सांगता सांगता मटकन खाली बसला. हे ऐकल्यावर गावात ज्यांना थोडीफार शंका होती, तीही गेली.

पाटलीणबाईंनी दूर डोंगरापलीकडून एक देवऋषी आणवला. दाढी, राख, हातात वेताची काठी. त्यानं गोदाला उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं आणि सांगितलं, खोलीची दारं-खिडक्या लिंपून घ्या, आत मिरच्यांची धुरी द्या, आणि मी वेत मारीन तेव्हा कुणी रडायचं नाही. जे आत शिरलंय ते बाहेर पडेल.

“आन् पोर?” पाटलांनी विचारलं.

“पोर वाचली तर वाचली,” देवऋषी म्हणाला.

पाटील मान खाली घालून बसले. पण नको म्हणाले नाहीत. भीतीनं त्यांचीही जीभ बांधली होती.

त्याच सकाळी पाटलांचा गडी वाळक्या मिरच्यांचं पोतं पाठीवर घेऊन आमच्या बोळातून गेला. मिरच्यांच्या वासानं मला शिंक आली. कुंपणापलीकडं सटवाजी कातडी झटकत होता. पोत्याकडं त्याची नजर गेली आणि तो जागच्या जागी थिजला. हातातलं कातडं खाली पडलं. त्यानं ते उचललं नाही. त्याच्या हातून कातडं पडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“कोनासाठी?” त्यानं मला विचारलं.

“गोदासाठी. धुरी देनार हायत.”

त्यानं पागोटं नीट केलं, अनवाणी बाहेर पडला आणि चावडीकडं चालू लागला. जवान आला तर कणगीत बसणारा माणूस! मी काम टाकून त्याच्या मागं गेले. चावडीच्या लिंबाखाली बाया उभ्या होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

चौथऱ्यावर पाटील, शेजारी देवऋषी, भोवती सगळं गाव. सटवाजी पुढं आला तशी गर्दी आपोआप फाटली, त्याची सावलीही अंगावर पडू नये म्हणून. वारा नव्हता, तरी त्याच्या धोतराचा सोगा हलत होता.

“पाटील,” तो म्हणाला, “पोरीला धुरी देऊ नका. समदं मी केलं.”

“काय केलं बे?”

“तेच. भानामती.”

कुणीतरी बाई लिंबाखाली हुंदका गिळावा तसा आवाज करून गप्प झाली. दिवसाउजेडी, भर चावडीत, आपल्या तोंडानं हा शब्द कबूल करणारा माणूस आम्ही कुणी पाहिला नव्हता.

पाटील उठून उभे राहिले. “कावून केलं बे सटव्या? मी तुझं काय घोडं मारलं?”

 सटवाजीनं इकडंतिकडं पाहिलं, ओठ चाटले. मग म्हणाला, “तुमी... तुमी माझ्या एडक्याला दगड मारलता.”

खरोखर मारला होता. पाटलांचा चेहरा पांढरा पडला. एका दगडापायी नातू गेला, असंच त्यांना वाटलं असणार.

देवऋषीला ही चढाओढ आवडली नाही. काठी आपटून त्यानं विचारलं, “कुनाची विद्या हाय तुझी? देवता कोनती?”

“मेंढी,” सटवाजी म्हणाला.

आता यावर देवऋषी तरी काय बोलणार? मेंढीवरचा उपाय त्याला कुणी शिकवलेला नव्हता. तो अर्धं पाऊल मागं सरला.

“उतारा मलाच ठावा हाय,” सटवाजी पुढं बोलू लागला. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “दुसऱ्यानं हात घातला तर त्याच्यावर उलटंल.” देवऋषीनं लगेच मान डोलावून सांगितलं की होय, असं असतं.

“परसदाराचं कुलूप काढा. रोज दुपारी पोरीनं एकटीनं येऊन त्या पिल्लाला आपल्या हातानं दूध पाजायचं. तवा कोनी बघायचं न्हाई. जो बघंल त्याचे डोळे जातील. आन् घरात तिला कोनी वरडायचं न्हाई. एकबी वाकडा सबूद न्हाई. ज्याच्या तोंडातून जाईल, त्याच्याच तोंडाला मेंढी धरंल.”

पाटलीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

उतारा गावानं कबूल केला. पण भानामती करणाऱ्याला तसंच सोडायचं नसतं. दात पाडले म्हणजे मंत्राला धार राहत नाही, अशी समजूत. सटवाजीला ती ठाऊक होती. चावडीकडं निघाला तेव्हाही ठाऊक होती. त्याला चौथऱ्यापाशी बसवलं. दोघांनी खांदे दाबले. पाटलांच्या गड्यानं सांडस आणली. मी डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नाहीत. ओरडला तो, सगळ्या मेंढ्या एकदम ओरडाव्यात तसा. मी डोळे उघडले तेव्हा तो तोंडावर पागोटं दाबून घराकडं चालला होता. लोक त्याला वाट करून देत होते. खऱ्या अमीनसाहेबांनाही इतकी रुंद वाट कधी मिळाली नसेल.

पाटलांनी देवऋषीची बोळवण केली. मिरच्यांचं पोतं परत गेलं. दुपारी परसदार उघडलं.

आणि गोदा बरी होऊ लागली. पहिल्या दिवशी ती जाऊन आली आणि ओरडणं थांबलं. पुढं जेवू लागली. मग एक दिवस तिनं सासूला विचारलं, “भाकरी टाकू का?” पाटलीणबाई घाबरून म्हणाल्या, “टाक गं माझी बाय. न्हाई टाकली तरी चालतंय.” त्या घरात इतकं गोड बोलणं भिंतींनीही ऐकलं नसेल. बांगड्या भरायला गेले की पाटलीणबाई माझ्याशीसुद्धा कुजबुजत बोलायच्या, न जाणो कुठला शब्द वाकडा निघेल!

गोदाचं बरं होणं हाच सटवाजीवरचा शेवटचा पुरावा ठरला. उतारा लागू पडला, म्हणजे करणी त्याचीच. त्याच्या दारावरून लोक गरजेशिवाय जाईनासे झाले. लेकरं त्याला पाहून पळत. नांदूरघाटच्या शेठजींनी गंगीला नोकराकरवी परत पाठवलं. सटवाजी मेंढ्या डोंगरावर नेई, आणे, कातडी मऊ करी, पण ती कुणापुढं उलगडून नावं सांगायची सोय उरली नव्हती. पुढचे दात गेल्यानं तो बोलला की हवाच जास्त निघे. हळूहळू त्यानं बोलणंच सोडलं.

पावसाळा सरला तसा गोदाचा नवरा तिला औरंगाबादेला न्यायला आला. जाण्याआधी तिला हिरवा चुडा भरायला मी गेले. खोलीत आम्ही दोघीच. तिचे हात पुन्हा भरले होते, ऊब आली होती. मी बांगडी सारत होते आणि ती एकदम बोलायला लागली.

“काकू, तुमाला म्हनून सांगते. बाळ गेलं, पन दूध ऱ्हाईलं. छाती भरून यायची, ठनकायची. आत्याबाई म्हनल्या पिळून टाक मोरीत. एकदा टाकलं. परत टाकवलं न्हाई.”

सटवाजीच्या घरामागचा मेंढवाडा पाटलांच्या परसाला लागूनच होता. एका मेंढीचं पिल्लू मेलं होतं आणि दुसऱ्या एका पिल्लाची आई मेली होती. सटवाजीनं मेलेल्या पिल्लाचं कातडं त्या पोरक्या पिल्लाच्या अंगावर बांधलं, म्हणजे ती मेंढी वासाला भुलून आपलंच समजेल आणि पाजेल. धनगर असं करतात. पण ती मेंढी काही भुलली नाही. पिल्लू दोन कातडी घालून दिवसभर ओरडत फिरायचं. गोदानं ते परसाच्या भिंतीच्या भगदाडातून ऐकलं. सासू दुपारी कलंडली की परसदारातून जायची, नारळाच्या करवंटीत आपलं दूध काढायची आणि कापसाच्या बोळ्यानं त्याला पाजायची. त्याला हाक मारता मारता त्याची बोली शिकली.

“मंग एक दिवस आत्याबाईंनी दार उघडं बघितलं न् कुलूप घातलं. ते पिल्लू पलीकडं उपाशी वरडत होतं, काकू. मी काय करू? मी आतून वरडले.”

माझा हात थांबला होता. ती गालातल्या गालात हसली. “उताऱ्याला आत्याबाई वाटीभर शेळीचं दूध द्यायच्या. ते मी मांजराला घालायची.”

“सटवाजीला हे ठावं होतं?”

“पयल्याच दिवशी बघितलं आबानं. मी भ्याले, आता सांगंल समद्यांना. पाटलाची सून जनावराला पाजती म्हनल्यावर मला कोनी जितं ठेवलं असतं? त्यो काय बोलला न्हाई. पाठ फिरवून लांब जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी बघते तर भगदाडाला आडोसा म्हनून कातडं टांगलेलं.”

गोदा गेली त्या संध्याकाळी मी भाकरी आणि दूध घेऊन कुंपण ओलांडलं. सटवाजी दारात बसून एका कातड्याला तेल चोळत होता. मला बघून दचकला. मी दूधभाकरी कुस्करून त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, “गोदानं सांगितलं मला.”

त्याचे हात थांबले. “कोनाला बोलशील?”

“न्हाई. पन तुमी खरं न्हाई तर न्हाई, दुसरं काय तरी सांगायचं होतं. दात देऊन आलात.”

त्यानं दूधभाकरीचा एक घास तोंडात टाकला. मग बोलला ते फटीतून निसटणाऱ्या हवेसकट, मला शब्द जुळवून जुळवून घ्यावे लागत होते. तू या गावात नांदायला आली नव्हतीस तेव्हाची गोष्ट, तो म्हणाला. त्याची बायको, राही. तिचंही पहिलं लेकरू असंच गेलं आणि तिचंही बोलणं बंद झालं. मला तो आजवर सांगत आला होता की राही पटकीनं गेली.

“पटकी न्हवती,” तो म्हणाला. “मिरच्यांची धुरी होती. दाराला भाईरून कडी. मी वट्यावर बसलेलो. ती आतून मला हाक मारीत होती. नाव घेऊन. बाई मानूस कदी नवऱ्याचं नाव घेतं का? ती घेत होती. मी उठलो न्हाई. भ्यालो.”

डोंगराकडं ऊन उतरत होतं. मेंढ्या वाड्यात एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, “आन् चावडीवर? तवा भ्या न्हाई वाटलं?”

“लई वाटलं,” सटवाजी म्हणाला. “धोतर ओलं झालतं. पन समद्यांचं ध्यान दातांकडं.”

मला हसू फुटलं. ते आवरावं की नाही ते कळेना, आणि आवरलंही नाही. मग तोही हसला, नव्या नवरीसारखा तोंडावर हात धरून. हसून झाल्यावर हात त्यानं तसाच ठेवला. मी उठले नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो, आणि बोळातून जाणाऱ्या एका बाईनं मला त्याच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि भराभर पावलं उचलली.